करवंदाच्या जाळीखाली वाकून बघा

या महिन्याच्या टपालात तीन पत्रं अशी निघाली की एकाचं उत्तर लिहिताना दुसऱ्याची आठवण यावी. म्हणून तिन्ही एकत्र घेतली आहेत. पहिल्या पत्राला जास्त जागा दिली आहे, कारण तिथे वेळ थोडा आहे. जेसीबी ठरलेला आहे.

प्रश्न : बाई, सप्रेम नमस्कार. हिरडस मावळात आमची वडिलोपार्जित पावणेचार एकर वरकस, म्हणजे डोंगरउतारावरची हलकी जमीन आहे. आजोबा तिथे नाचणी-वरई करायचे. १९९४ साली आम्ही गाव सोडलं, त्यानंतर तिथे औत लागलेलं नाही. आता सगळीकडे करवंदाच्या जाळ्या, घाणेरी आणि रानमोडी माजली आहे. मधूनमधून खुरटी झाडं आहेत. मी यंदा निवृत्त झालो. तिथे जंगल उभं करायची फार इच्छा आहे. पावसाआधी जेसीबीने सगळं साफ करून हजारभर रोपं लावावीत असं ठरवतो आहे. कोणती झाडं लावू? (ठाणे)

उत्तर : झाडांची नावं सांगण्याआधी एक विनंती. जेसीबीवाल्याला थांबवा. निदान हा एक पावसाळा तरी.

माझं आजोळ तुमच्यापासून फार लांब नाही, वेळवंड खोऱ्यातलं. आजोबांची वरकस घराच्या वरच्या अंगाला उतारावर होती. मी लहान असताना उन्हाळ्यात तिथून राब भाजल्याचा वास खाली ओसरीपर्यंत यायचा. ऐनाच्या, किंजळीच्या फांद्या छाटून वाळवायच्या, त्यांवर शेण, पाचोळा, माती पसरून भाजायचं आणि त्या राखेत रोपं टाकायची. पहिल्या वर्षी नाचणी, दुसऱ्या वर्षी वरई, तिसऱ्या वर्षी कारळं, आणि मग ती जमीन काही वर्षं टाकायची. ‘टाकली’ हा शब्द आजोबांना आवडत नसे. ते म्हणायचे, “जमिनीला निजवलंय.”

१९८१ साली धाकटे मामा पुण्याला कामाला लागले आणि ती जमीन निजली ती निजलीच. मी तेव्हा नुकतीच कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायला लागले होते. दर मे महिन्यात आणि दर दिवाळीत आजोळी जायचे. त्यामुळे त्या एका उतारावर काय काय होत गेलं ते मी टप्प्याटप्प्यानं पाहिलं आहे, आणि तुमचं पत्र वाचताना तोच उतार डोळ्यांसमोर होता.

पहिली दोन-तीन वर्षं नुसतं गवत, तेरडा आणि कुर्डू. मग ज्यांचं बी वाऱ्यावर उडतं अशी झुडपं आली. धायटी आली, पुढे रानमोडी आली. करवंदाला वेळ लागला. करवंदाचं बी वाऱ्यानं येत नाही. ते बुलबुलाच्या पोटातून येतं, आणि बुलबुलाला विष्ठा टाकण्याआधी बसायला काहीतरी लागतं. आमच्या उतारावर ते ‘काहीतरी’ म्हणजे राबासाठी वर्षानुवर्षं छाटून थोटे झालेले ऐन होते. छाटणी थांबल्यावर त्यांना नवे धुमारे फुटले, पाखरं बसू लागली आणि बरोबर त्या ऐनांच्या बुडाशी करवंदाच्या जाळ्या उठल्या. उतारावर उभं राहून पाहिलं तर जाळ्या वाटेल तशा विखुरलेल्या दिसायच्या. जवळ जाऊन पाहिलं की प्रत्येक मोठ्या जाळीच्या पोटात एक ऐन.

१९९० च्या सुमाराची गोष्ट. करवंदं काढायला एका जाळीत हात घातला, तर आत जांभळाचं वीतभर रोप. दुसऱ्या जाळीत वाकून पाहिलं, तिथे अंजनीची दोन रोपं. तो सगळा दिवस मी गुडघ्यांवर काढला. एकेक जाळी उचकून पाहिली. जाळीपासून चार पावलांवर, उघड्यावर, यातलं एकही रोप नव्हतं. उघड्यावर एप्रिलचं ऊन आणि गावच्या शेळ्या. जाळीत सावली, पाचोळ्याची ओल आणि चारी बाजूंनी काटे. शेळीचं तोंड आत पोचत नव्हतं.

आज ती जांभळं माझ्या दुप्पट-तिप्पट उंचीची आहेत आणि करवंद सावलीत गेली आहे. उजेड शोधत फांद्या लांबवते आणि फळ जेमतेम धरते. जिनं पदराखाली वाढवलं तिच्यावरच सावली पडली. दर वेळी तिथे गेलं की मी त्या जाळीपाशी थोडी थांबते.

१९७७ साली जोसेफ कॉनेल आणि राल्फ स्लेटियर या दोन शास्त्रज्ञांनी हे सगळं तीन प्रकारांत मांडलं. आधी आलेला नंतरच्याला मदत करतो, किंवा नंतरचा आधीच्याला सहन करून वाट पाहतो, किंवा आधीचा नंतरच्याला अडवतो. तुमच्या पावणेचार एकरांत हे तिन्ही प्रकार एकाच वेळी चालू असणार. करवंद मदत करते आहे. सावली सोसणारी अंजनी वाट पाहते आहे. आणि घाणेरीचं दाट रान अडवतं आहे. तुम्ही मात्र तिघांनाही ‘माजलेलं’ या एकाच शब्दात बसवलंत. त्यात तुमचा दोष नाही. लांबून सगळं सारखंच दिसतं.

म्हणून मला तुमच्याकडून दोन गोष्टी हव्या आहेत. ती ‘खुरटी झाडं’ कसली आहेत? त्यांच्या बुडाशी जुना, जाड, गाठाळ खुंट असेल आणि त्यातून चार-पाच सोट वर आले असतील, तर ती खुरटी नाहीत. ती तुमच्या आजोबांच्या हातची, राबासाठी राखलेली झाडं आहेत. जमिनीखाली त्यांची मुळं पन्नास-शंभर वर्षांचीही असू शकतात. नर्सरीतलं कुठलंही रोप त्यांची बरोबरी करणार नाही.

दुसरी गोष्ट, तुमच्या गावची देवराई वरकसापासून किती लांब आहे? आणि ती शाबूत आहे का?

हे का विचारते ते सांगते. गवताचं आणि रानमोडीचं बी कुठूनही उडत येतं. जांभळाचं तसं नाही. जांभळाचं ओलं बी काही आठवड्यांत मरतं, ते मातीत वर्षानुवर्षं टिकून राहत नाही. म्हणजे दर वर्षी कुणीतरी ते ताजं आणून टाकायला हवं, वटवाघळानं किंवा उदमांजरानं. आणि त्यांनी आणायचं तर आई-झाड त्यांच्या एका रात्रीच्या फेरीत यायला हवं. आमच्या उतारावर ती आई-झाडं ओढ्यापलीकडच्या देवराईत होती. जननीची राई आहे ती. जेमतेम दोन एकर. पण आत शिरलं की मे महिन्यातही अंग गार पडतं. वर बेहडा, जांभूळ, आंबा यांचं छत. त्याखाली अंजनी आणि पिसा. त्याखाली गुडघाभर रोपांची दाटी, आणि या सगळ्या मजल्यांना बांधून टाकणारी, माणसाच्या मांडीएवढ्या जाडीची गारंबी. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी १९७० च्या दशकात आपल्या देवरायांचा अभ्यास केला, तेव्हा लोकांनी देवाच्या धाकानं राखलेले हे तुकडे किती मोलाचे आहेत हे शास्त्राच्या भाषेत लिहिलं गेलं. मला त्यांचं मोल कळलं ते आमच्या उतारावर. ओढ्याकडची बाजू आधी भरली, लांबची नंतर, आणि वरचं टोक अजूनही करवंदातच आहे.

आता काम. पहिला पाऊस होऊन गेल्यावर चार दिवस गावी मुक्कामाला या. गावातली एखादी जाणती आजी बरोबर घ्या आणि प्रत्येक जाळीत वाकून बघा. रोप दिसेल तिथे जाळीला चिंधी बांधा. चिंध्या बांधलेल्या जाळ्यांना हात लावायचा नाही. घाणेरी काढायची, पण थोडी थोडी, फळ धरायच्या आधी. वरवर कापली तर ती दुप्पट फुटते. जमिनीच्या जरा खाली, खोड आणि मूळ जिथे जुळतात तिथे कुदळीनं तोडायची आणि झुडूप उलटं करून ठेवायचं, म्हणजे पुन्हा मूळ धरत नाही. आधी तिच्याही खाली वाकून बघा, कारण बुलबुल तिच्यावरही बसतात. रानमोडीची फार काळजी करू नका, वर सावली झाली की ती आपोआप मागे हटते. तिची भीती एकच, वाळली की ती भडकते.

खरा खर्च करा तो वणव्यासाठी. डिसेंबर-जानेवारीत हद्दीनं जाळरेषा काढून घ्या, चार हात रुंद, गवत पूर्ण खरवडून. फेब्रुवारी-मार्चमध्ये चांगलं गवत यावं म्हणून डोंगर पेटवतात. ऐनाची साल सुसरीच्या पाठीसारखी जाड असते, तो एक आग सोसतो. अंजनीचं रोप सोसत नाही. आमच्या उतारावर २००४ च्या वणव्यात वरचा एक पट्टा गेला, आणि तिथे पुन्हा गवतापासून सुरुवात झाली. त्या वर्षी मी तिथे दोनदाच गेले. बघवत नव्हतं.

लावायचंच असेल तर जे आपणहून येऊ शकत नाही तेवढंच लावा. देवराई लांब असेल तर जूनमध्ये खोऱ्यातलीच जांभळं गोळा करा आणि ताजं बी थेट करवंदाच्या जाळीत खोचा. हिरडा, बेहडा, रायवळ आंबा यांचंही बी तुमच्याच खोऱ्यातलं घ्या. हजार खड्डे नकोत.

त्या जमिनीनं तीसएक वर्षांचं काम करून ठेवलं आहे. जेसीबी ते दोन दिवसांत पुसेल. आणि तो तुम्हाला १९९४ पर्यंत मागे नेऊन थांबणार नाही, आणखी मागे नेईल. १९९४ साली तिथे निदान ऐनाचे खुंट होते आणि ताली, म्हणजे माती अडवणारे बांध, शाबूत होत्या. मुळं उपटलेल्या उतारावरची माती मावळातल्या पहिल्याच पावसात ओढ्याला जाईल.

प्रश्न : मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. सक्सेशनच्या धड्यात एकामागून एक टप्पे येऊन शेवटी ‘क्लायमॅक्स’, म्हणजे चरम समुदाय तयार होतो असं दिलं आहे. मग त्यानंतर ते जंगल कायम तसंच राहतं का? आणि अशा समुदायात सगळ्यांत महत्त्वाची प्रजाती कोणती असते? (सांगली)

उत्तर : हा धडा मी अठ्ठावीस वर्षं शिकवला. फळ्यावर जिना काढायचे: खडक, दगडफूल, शेवाळ, गवत, झुडूप, झाड. वरच्या पायरीवर ‘क्लायमॅक्स’ लिहून खाली दोन रेघा मारायचे. परीक्षेत तुम्ही तोच जिना काढा. पण तुम्ही विचारलंत तर खरं सांगायला हवं.

तो जिना मुख्यतः अमेरिकेतल्या फ्रेडरिक क्लेमेंट्स यांचा. १९१६ साली त्यांनी मांडलं की वनस्पतींचा समुदाय एखाद्या जिवासारखा असतो. तो जन्मतो, वाढतो, प्रौढ होतो, आणि त्याचं प्रौढ रूप काय असेल हे तिथलं हवामान ठरवतं. कल्पना देखणी आहे, म्हणूनच ती टिकली. दहा वर्षांनी, १९२६ साली, त्यांच्याच देशातल्या हेन्री ग्लीसन यांनी म्हटलं की असा काही एकसंध जीव नसतो. प्रत्येक प्रजाती आपापल्या गरजेनं येते. ज्यांना तिथे पोचता आलं आणि जगता आलं त्या शेजारी शेजारी दिसतात, आणि त्यालाच आपण समुदाय म्हणतो. ग्लीसनांचं म्हणणं लोकांनी मनावर घ्यायला पंचवीस-तीस वर्षं गेली.

मी आता ग्लीसनांच्या बाजूला जास्त झुकते, आणि त्याचं कारण वर सांगितलेली जननीची राई. जिन्याची वरची पायरी म्हणावी अशी ती जागा. १९९७ च्या पावसात तिथला एक जुना बेहडा मुळासकट कोसळला. छताला आंगणाएवढं भोक पडलं आणि खाली लख्ख ऊन आलं. पुढच्या वर्षी त्या उजेडात चांदाड्याची रोपं तरारली. चांदाडा म्हणजे ताटाएवढ्या गोल पानाचं, उन्हाला हपापलेलं झाड. खरं तर उघड्या पडलेल्या जागेत पहिल्यांदा येणारं. तो जुन्या देवराईच्या मधोमध! पंधराएक वर्षांत तो थकला, आणि त्याच्या सावलीत दबा धरून बसलेल्या अंजनी आणि पिसा वर आल्या. दुसऱ्या कोपऱ्यात तोवर आणखी एक फांदी मोडली होती. म्हणजे ती राई एका पायरीवर उभी नाही. तिच्यात सगळ्या पायऱ्या एकाच वेळी आहेत, ठिगळांच्या गोधडीसारख्या, आणि ठिगळं जागा बदलत राहतात.

कारवी पाहिली असेल तर हे आणखी चटकन पटेल. सात वर्षं तिचं एवढं दाट रान असतं की खाली दुसऱ्या कुणाला उजेड मिळत नाही. सातव्या वर्षी डोंगर निळा-जांभळा होतो आणि मग सगळी कारवी एकदम मरते. वाळलेल्या बोंडांवर पावसाचं पाणी पडलं की ती तडतडून फुटतात आणि बी उधळतं. कारवीची नवी पिढी डोकं वर काढते तेवढ्या एक-दोन पावसाळ्यांत इतर झाडांच्या रोपांना काय ती संधी. इथे ‘शेवटची पायरी’ कोणती म्हणणार?

दुसरा प्रश्न. संख्येनं किंवा आकारानं मोठी तीच महत्त्वाची, असं नसतं. रॉबर्ट पेन यांनी वॉशिंग्टन राज्याच्या किनाऱ्यावर खडकांच्या एका पट्ट्यावरून सगळे तारामासे उचलून समुद्रात फेकले, आणि पुन्हा येतील तसे फेकत राहिले. शेजारचा पट्टा तसाच ठेवला. तारामासा शिणाण्यांसारखे शिंपले खायचा. तो गेल्यावर शिंपल्यांनी सगळा खडक व्यापला, आणि १५ प्रजातींच्या जागी ८ उरल्या. हे त्यांनी १९६६ साली छापलं. पुढे अशा प्रजातीला त्यांनी ‘कीस्टोन’ म्हटलं, म्हणजे कमानीच्या माथ्यावरचा तो एक दगड, जो काढला की कमान ढासळते.

आमच्या राईत असा प्रयोग करायचं पाप कुणी करू नये. पण माझा अंदाज विचाराल तर मी उंबराचं नाव घेईन. राईत उंबर तीनच आहेत. तो वर्षातून अनेकदा फळतो, आणि तिघांच्या वेळा जुळत नाहीत. जांभूळ, करवंद, आंबा सगळे संपल्यावर बुलबुल, तांबट, कुटुर्गा, वटवाघळं त्या तिघांवर जगतात, आणि तीच पाखरं पुढच्या मोसमात बाकीच्यांचं बी ओढ्यापलीकडे नेतात. ‘उंबर फोडून केंबरं काढू नये’ असं आपण म्हणतो. तुम्ही मात्र एकदा फोडून बघाच. ती केंबरं आत शिरल्याशिवाय उंबरात बी धरत नाही. राईतल्या शंभर फुटी झाडांचं भवितव्य त्या तिळाएवढ्या किड्याला बांधलेलं आहे. हे मला कळलं तेव्हा मी तुमच्याच वर्गात होते, बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला.

प्रश्न : आमच्या गावचं गायरान म्हणजे उघडा माळ आहे. तरुण मंडळानं तिथे ग्लिरिसिडिया आणि इतर झाडं लावायचं ठरवलं आहे. काही वृद्ध मेंढपाळ नको म्हणतात. माळ म्हणजे जंगल व्हायचं राहिलेली जागाच ना? सोबत माळावरच्या गवताची काडी पाठवते आहे. (इंदापूर तालुका)

उत्तर : नाही, ताई. वर मावळाबद्दल लिहिलं ते तुमच्या माळाला लावू नका. तुमच्याकडे पाऊस थोडा, मुरमावर मातीचा पातळ थर, आणि चरणाऱ्या जनावरांची फार जुनी सवय. अशा ठिकाणी गवत ही वाटेतली पायरी नसते, तेच मुक्कामाचं ठिकाण असतं. मध्ये एखादी हिवर, बोर, बाभूळ, बाकी गवत. लांडगा, खोकड, चिंकारा, धाविक, चंडोल ही सगळी त्या उघडेपणावर जगणारी मंडळी. धाविक पक्षी उघड्या जमिनीवरच अंडी घालतो. सोलापूरजवळ नान्नजला ज्यासाठी अभयारण्य केलं, त्या माळढोकालाही लांबवर नजर पोचणारा माळच लागतो. तुम्ही हजार झाडं लावलीत तर त्यांना सावली मिळणार नाही, त्यांचं घर जाईल. आणि ग्लिरिसिडिया तर आपल्या देशातलीही नाही. सरकारी कागदांवर अशा जमिनींना ‘पडीक’ म्हटलं गेलं, त्यानं फार नुकसान केलं आहे. मंडळाच्या मुलांचा उत्साह वाया जाऊ नये. शाळेभोवती, रस्त्याकडेला, विहिरींवर कडुनिंब, वड, चिंच लावा म्हणावं. माळावर खड्डे नकोत.

मेंढपाळ बरोबर सांगत आहेत. त्यांना आणखी एक विचारा. या माळावर पूर्वी मारवेल आणि पवना किती होता?

हे विचारायचं कारण तुमच्या पाकिटातली काडी. ती कुसळी आहे. तिच्या टोकाच्या लांब कुसांचा पीळ ओल लागली की उलगडतो, वाळलं की पुन्हा बसतो, आणि असं फिरत ती बी जमिनीत, नाहीतर मेंढीच्या लोकरीत, स्क्रूसारखं घुसवतात. मारवेल आणि पवना जनावरं आवडीनं खातात. चराई एकसारखी आणि फार झाली, वर दर वर्षी आग लागली, की ती चवदार गवतं हटतात आणि कुसळी पसरते. म्हणजे माळालाही त्याची स्वतःची चढउतार आहे, फक्त ती गवताकडून गवताकडे जाते. मेंढपाळांशी बोलून गायरानाचे तीन भाग करा. एका भागाला जूनपासून बी झडेपर्यंत विश्रांती द्या, पुढच्या वर्षी दुसऱ्या भागाला. ऑक्टोबरात राखलेल्या भागातून पुन्हा एक काडी पाकिटात घालून पाठवा, या वेळी मुळासकट.